सरहद्दीवरील न्यायासन

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांस दोन घटना घडल्या. १० मे रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पश्चिम कडेवर असलेल्या फोर्ट स्मिथ या गावी आयझॅक पार्कर नावाचे छत्तीस वर्षांचे न्यायाधीश प्रथमच न्यायासनावर बसले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील कुणबी गोळा झाले, त्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि हाती लागली तेवढी कर्जाची खते व वह्या जाळून टाकल्या. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणीही विचारील. उघड संबंध काहीच नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच उभा होता. जेथे राज्याचा कायदा नुकता पोचला आहे आणि लोकांचा त्यावर अद्याप विश्वास बसलेला नाही, तेथे न्यायाधीशाने कसे वागावे?

हा प्रश्न मला जवळचा वाटतो, याचे कारण माझे गाव. बीदरजवळचे कमठाणा हे सरहद्दीवरचे खेडे होय. येथे घरात मराठी आणि बाजारात कानडी, किंवा घरात कानडी आणि बाजारात मराठी, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. निजामी अमदानीत कचेरीची भाषा यांहून तिसरी, म्हणजे उर्दू होती. १९४८ साली निजामी राजवट गेली, १९५६ साली बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्ये बदलली, नकाशावरील रेघा हलल्या. पण कचेरीच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या मुद्रेवरील ती जुनी शंका मात्र सहजी हलली नाही. आत जे बोलले जात आहे ते आपल्याविषयीच आहे, एवढे त्याला कळते. काय बोलले जात आहे, ते कळत नाही.

म्हणून आज दोन न्यायाधीशांची हकीकत तुमच्यापुढे ठेवावी असा विचार आहे. एक अमेरिकेचा, ज्याची कीर्ती फाशीच्या दोरामुळे झाली. दुसरा आपला, ज्याला आपण समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु बैलगाडीतून गावोगाव फिरणारा न्यायाधीश म्हणून फारसे ओळखत नाही. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

प्रथम पार्कर यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १८३८ सालचा, ओहायो राज्यातला. वकिली करीत ते मिसूरीत स्थायिक झाले आणि दोन वेळा अमेरिकन काँग्रेसचे सभासद म्हणून निवडून आले. १८७५ साली त्यांची नेमणूक फोर्ट स्मिथ येथे झाली. या न्यायालयाच्या अधिकारात पश्चिमेकडील ‘इंडियन टेरिटरी’ हा विस्तीर्ण मुलूख येत असे. चेरोकी, चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, सेमिनोल इत्यादी आदिवासी राष्ट्रे तेथे वसविलेली होती. त्यांची स्वतःची न्यायालये होती. परंतु बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाचा न्याय करण्याचा अधिकार त्या न्यायालयांना नव्हता. याचा परिणाम असा झाला की, पूर्वेकडे गुन्हा करून पळालेला प्रत्येक दरोडेखोर त्या मुलखात आसरा शोधू लागला. हद्द ओलांडली की कायदा मागे राहतो, ही गोष्ट सरहद्दीवरच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.

एकवीस वर्षे पार्कर यांनी त्या मुलखाचा न्याय केला. १६० माणसांना त्यांनी मृत्युदंड सुनावला आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर चढले. त्यांच्या हाताखालचे साठांहून अधिक मार्शल गुन्हेगार पकडण्याच्या कामी मारले गेले. खुनाला मृत्युदंड हीच शिक्षा त्या वेळच्या कायद्याने ठरवून टाकलेली होती, त्यामुळे न्यायाधीशाच्या हाती निवड अशी फारशी नव्हती. विशेष म्हणजे १८८९ पर्यंत या न्यायालयाच्या मृत्युदंडाविरुद्ध वर अपीलच नव्हते. फाशी चुकवायची तर राष्ट्राध्यक्षाकडे दयेचा अर्ज करणे एवढाच मार्ग उरे. पुढे अपिलाची सोय झाली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्यांचे अनेक निकाल फिरविले, आणि त्या कोर्टाशी पार्कर यांचे उघड मतभेद झाले. १८९६ च्या सप्टेंबरात त्यांच्या न्यायालयाचा इंडियन टेरिटरीवरील अधिकार संपला आणि नोव्हेंबरात ते वारले. ‘फाशी देणारा न्यायाधीश’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. तथापि अखेरच्या दुखण्यात त्यांनी असे मत बोलून दाखविले होते की, शिक्षा खात्रीने होणार असेल तर मृत्युदंड नाहीसा होण्यास आपली हरकत नाही. ज्याने १६० वेळा ती शिक्षा उच्चारली, त्याचे हे शब्द विचार करावयास लावणारे आहेत. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती मोठी, हे त्याला अनुभवाअंती पटले होते.

अमेरिकेच्या सरहद्दीवर दुसऱ्या प्रकारचे न्यायाधीशही होऊन गेले. इलिनॉय राज्यात १८४८ पासून १८६२ पर्यंत डेव्हिड डेव्हिस हे फिरत्या न्यायालयाचे न्यायाधीश होते. चिखलाच्या वाटांनी, घोड्यावरून किंवा घोडागाडीतून, एका परगण्याच्या गावाहून दुसऱ्या गावी न्यायालयच चालत जाई आणि त्याच्याबरोबर वकीलही जात. त्या वकिलांत अब्राहम लिंकन हे एक होते. पुढे लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले, १८६१ साली यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. येथे मात्र त्या दूरच्या मुलखाचा आणि आपल्या भीमथडीचा धागा खरोखरच जुळतो.

कापसाचे भाव चढले, तसा दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारी सावकार आपण होऊन येऊ लागला. पीक चांगले, भाव चांगला, तेव्हा पतही चांगली. १८६५ मध्ये ते युद्ध संपले. भाव कोसळले. इकडे जमिनीची तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीने सारा वाढला होता. उत्पन्न घटले, देणे वाढले, आणि मागे उरली ती खते.

या खताचे गणित समजल्याखेरीज सुप्याची होळी समजत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागे. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा की, जुनी कर्जे उकरून काढून ऋणकोला कोणी छळू नये. घडले ते उलट. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवे खत लिहून घेई. व्याज मुद्दलात मिसळून जाई. शेकडा पंचवीस दराने घेतलेले १०० रुपये घ्या. तीन वर्षांनी व्याजासह १७५ झाले. ते नव्या खतात मुद्दल म्हणून मांडले गेले. आणखी तीन वर्षांनी ३०६, आणि नवव्या वर्षाअखेर ५३६. मधल्या काळात शेतकऱ्याने धान्य घातले, कडबा घातला, बैल दिला, तर त्याची नोंद सावकाराच्या वहीत होई किंवा न होई. पावती देण्याची चाल नव्हती. मग दावा लागे. समन्स आले तरी कुळ कोर्टात जात नसे. जाऊन करावयाचे काय? अंगठा त्याचाच होता. हुकूमनामा एकतर्फी होई. आणि त्या हुकूमनाम्याच्या जोरावर सावकार जमिनीवर जप्ती आणी, किंवा कुळाला दिवाणी तुरुंगात घालण्याची भीती दाखवून आणखी एक खत लिहून घेई.

इंग्रजी न्यायाधीशाची, किंवा इंग्रजी कायदा शिकलेल्या आपल्या सबजज्जाची, यात वैयक्तिक लबाडी नव्हती. त्याच्यापुढे खत होते, सही होती, साक्षीदार होते. करार हा करार होय, एवढेच त्याला शिकविलेले होते. न्यायासनावरून त्याला कागद दिसे. कागदामागचा माणूस दिसत नसे.

सुप्याचा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. ९५१ माणसे पकडली गेली, पाचशेंच्या वर माणसांना शिक्षा झाल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, एवढ्या दंग्यात सावकारांच्या जिवावर फारसे कोणी उठले नाही. जेथे खते निमूटपणे हवाली केली गेली, तेथे बहुधा हातही उगारला गेला नाही. लोकांचा राग कागदावर होता. त्या वर्षी पार्कर यांच्या न्यायालयाने सप्टेंबरात एकाच दिवशी सहा जणांना फासावर चढविले आणि सरहद्दीला जरब बसविली. मुंबई सरकारलाही दंगेखोरांना तुरुंगात टाकून प्रकरण मिटविता आले असते. परंतु चौकशीसाठी कमिशन नेमले गेले, त्याने कारणे शोधली, आणि अखेर १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ मंजूर झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला.

आता रानडे यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, त्यांत ते होते. १८६६ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्यानंतरच्या एकदोन वर्षांत त्यांनी थोडा काळ अक्कलकोट संस्थानचे कारभारी म्हणून आणि मग कोल्हापुरास न्यायाधीश म्हणून काम केले. अक्कलकोटची वेस ओलांडली की निजामाची हद्द जवळच लागे. म्हणजे सरहद्दीचा मुलूख, दोन भाषांची वस्ती आणि दोन राज्यांच्या सांध्यावरचा कारभार या गोष्टी त्या तरुण पदवीधराने पंचविशीच्या सुमारासच डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापकी करून १८७१ साली ते पुण्यास सबजज्ज म्हणून आले आणि तेथील सार्वजनिक सभेचे प्राण बनले.

सरकारी नोकरी करावयाची आणि सार्वजनिक काम सोडावयाचे नाही, हा मार्ग सुखाचा नव्हता. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड गाजले, मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, आणि पुण्यातील प्रत्येक विचारी माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. रानडे यांची उचलबांगडी धुळ्यास झाली. तेथे त्यांची पत्रे उघडून पाहिली जात. फडके निजामाच्या मुलखातून रोहिल्यांची मदत मिळविण्याच्या खटपटीत होते. जुलैत ते भीमेकाठच्या देवरनावदगी येथे, आजच्या विजापूर जिल्ह्यात, पकडले गेले. रानड्यांचा मार्ग फडक्यांच्या मार्गाहून सर्वस्वी निराळा होता. पण दोघांच्याही मनात जळत होते ते १८७६-७७ च्या दुष्काळात पाहिलेले दख्खनचे हाल.

आणि आता दैवाची गंमत पाहा. ज्या सरकारने १८७९ साली या माणसाची पत्रे फोडली, त्याच सरकारने १८८१ साली त्याला अत्यंत नाजूक कामावर नेमले. नव्या शेतकरी कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी एक खास न्यायाधीश होते. ते डॉक्टर पोलन. त्यांचे सहायक म्हणून पुणे आणि सातारा जिल्ह्यांसाठी रानडे यांची नेमणूक झाली. पुढे पोलन गेल्यावर खास न्यायाधीशाचे पद त्यांच्याकडेच आले, आणि १८९३ साली हायकोर्टात जाईपर्यंत त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे बहुतांशी याच कामात गेली.

हे काम होते तरी काय? नव्या कायद्याने न्यायाधीशाला आज्ञा केली होती की, खतावर थांबू नकोस, खताच्या मागे जा. व्यवहार प्रथम कधी झाला, खरोखर रोख किती दिले, व्याज किती वेळा मुद्दलात मिसळले, हे मुळापासून तपासावे आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब नव्याने मांडावा. प्रतिवादीला शक्यतो समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नाही. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती साध्या कर्जासाठी विकता येणार नाही. खते गावच्या रजिस्ट्रारापुढे लिहिली जावीत. सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा. लहानसहान दाव्यांसाठी खेड्यांतच मुन्सफ नेमावेत, आणि दावा लागण्यापूर्वी समेट घडवून आणण्यासाठी गावचे प्रतिष्ठित गृहस्थ असावेत. अशा दाव्यांत नेहमीचे अपील ठेवले नव्हते. त्याऐवजी खास न्यायाधीशाने आणि त्याच्या सहायकाने ठिकठिकाणी जाऊन दप्तर तपासावे व चुकलेला निकाल दुरुस्त करावा, अशी योजना होती.

येथे पार्कर आणि रानडे यांचे साम्य आणि भेद एकाच ठिकाणी दिसतात. दोघांच्याही न्यायालयांवर नेहमीचे अपील नव्हते. पार्कर यांच्याकडे त्यामुळे माणसाचा जीव घेण्याची अखेरची सत्ता आली. रानडे यांच्याकडे त्यामुळे एक ओझे आले. चुकीच्या निकालाखाली दबलेला शेतकरी पुण्या-मुंबईच्या अपील कोर्टात चालत जाणार नव्हता. म्हणून अपील कोर्टानेच त्याच्याकडे चालत जावयाचे होते.

वर्षाचे कित्येक महिने ही फिरती चाले. पावसाळा सरला की बैलगाड्या जुंपल्या जात. तालुक्यामागून तालुका, मुक्कामामागून मुक्काम. कधी धर्मशाळा, कधी तंबू, कधी एखाद्या देवळाची ओवरी. सबजज्जांची कचेरी पाहावयाची, ग्राममुन्सफांची दप्तरे चाळावयाची, निकाल वाचावयाचे, शेरे लिहावयाचे. रमाबाई रानडे या फिरतीत बरोबर असत. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. ते वाचताना या फिरत्या संसाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पहाटे लवकर निघणे, गाडीतही वाचन, आणि मुक्कामास पोचल्यावर दिवसभर कागद.

हे कागद म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. एकेका दाव्याच्या कागदात एकेका कुटुंबाची दहा-वीस वर्षे असतात. लग्न कोणत्या साली झाले, बैल कधी मेला, विहीर कधी खोदली, कोणत्या वर्षी पाऊस पडला नाही, हे सारे कर्जाच्या तारखांवरून वाचता येते. रानड्यांनी असे असंख्य कागद वाचले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात शेतीच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलेले लेख आणि १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेले प्रसिद्ध व्याख्यान वाचताना आपल्याला त्यांचे ग्रंथवाचन दिसते. इंग्लंडातील अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. मला वाटते, हा विचार जितका जर्मन पंडितांच्या ग्रंथांतून आला, तितकाच शिरूर, इंदापूर आणि माढ्याच्या दप्तरांतूनही आला असला पाहिजे. दोन समान आणि स्वतंत्र माणसे परस्परांशी करार करतात, ही इंग्रजी पुस्तकातील गोष्ट; खताच्या खाली उमटलेला काळा अंगठा ही येथली गोष्ट.

तथापि या कायद्याने सर्व काही साधले, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. सावकार हुशार होता. गहाणखताची चौकशी होते असे दिसताच त्याने गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेण्यास प्रारंभ केला. तोंडी ठरावयाचे की पैसे फेडल्यावर जमीन परत देऊ. कागदावर ती विक्री, आणि विक्रीच्या मागे जाण्याची वाट पुढे कित्येक वर्षे बंद होती. समेट करणाऱ्या गृहस्थांपैकी कित्येक जण दाखला देण्यापलीकडे काही करीत नसत. आणि ज्याला कर्ज मिळेनासे झाले, तो शेतकरी पेरणीच्या दिवसांत पुन्हा त्याच दारी जाऊन उभा राहिला, पूर्वीपेक्षा अधिक कडक अटींवर.

टीकाही झाली, आणि ती थोर माणसाने केली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात कचेरीतील कारकून, वकील आणि चपराशी अडाणी शेतकऱ्याला कसे नागवितात, याचे दाहक वर्णन आहे. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, अशा आशयाचे भाषण रानड्यांनी केले, तेव्हा १८८५ साली फुले यांनी ‘इशारा’ नावाची पुस्तिका लिहून त्यांना उत्तर दिले. दोघेही पुण्याचे, दोघांनाही शेतकऱ्याचे हित हवे. एकाला न्यायासनावरून कायद्याचा पल्ला दिसत होता, दुसऱ्याला त्याच कचेरीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे हाल दिसत होते. न्यायाधीश प्रामाणिक असला तरी त्याच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर किती हात पसरलेले असतात, हे फुल्यांनी सांगितले नसते तर या हकीकतीची एक बाजू कायमची अंधारात राहिली असती.

रानड्यांना स्वतःला कायद्याच्या मर्यादा ठाऊक नव्हत्या असे नाही. सावकाराला दूर सारले तर त्याच्या जागी पैसा कोण देणार, हा प्रश्न ते सतत विचारीत. सारा दीर्घ मुदतीसाठी ठरवून द्यावा आणि शेतकऱ्याला माफक व्याजाने भांडवल मिळावे, असे त्यांचे मत होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली, तिला रानड्यांचा मनापासून पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. परंतु लंडनच्या इंडिया ऑफिसने ती फेटाळली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो १९०४ साली, रानड्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आणि १९०५ साली मुंबई इलाख्यातील पहिली शेतकी पतपेढी निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळ या कानडी खेड्यात. महाराष्ट्रातील दप्तरांतून उगवलेला विचार कर्नाटकच्या मातीत प्रथम रुजला, ही गोष्ट आम्हां सरहद्दीवरच्या माणसांना विशेष आनंदाची वाटते.

परंतु याच ठिकाणी एक खंतही आहे. १८७९ चा तो कायदा सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला येऊन थांबला. त्या रेघेच्या अलीकडच्या शेतकऱ्याला खताच्या मागे जाणारे न्यायालय मिळाले. पलीकडच्या, म्हणजे आमच्या, शेतकऱ्याला नाही. जमीन तीच, ज्वारी तीच, सोयरीक दोन्ही बाजूंस, देवाच्या यात्राही त्याच. सावकाराचे व्याजही तेच. फरक एवढाच की, हद्दीच्या या बाजूस कोणी रानडे दप्तर तपासावयास आले नाहीत. फोर्ट स्मिथच्या पश्चिमेस गुन्हेगाराला हद्दीचा आसरा मिळे; आमच्याकडे हद्दीने आसरा दिला तो खताला. इतिहासात थोर माणसांची चरित्रे वाचताना ती जेथवर पोचली नाहीत तो मुलूखही डोळ्यांपुढे ठेवावा, असे मला वाटते ते यामुळेच.

काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर १८९३ च्या नोव्हेंबरात रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. तेथे त्यांनी सात वर्षे काम केले. १९०० साली मराठ्यांच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. ‘न्यायमूर्ती’ ही उपाधी त्यांच्या नावाला अशी काही जडली की, पुढे नुसते न्यायमूर्ती म्हटले तरी महाराष्ट्राने रानडे असेच समजावे. हायकोर्टाच्या उच्चासनामुळे हा मान मिळाला, असे सामान्यतः मानले जाते. ते आसन तर इतरांनाही मिळाले. मला वाटते, या शब्दाचे खरे मोल त्या आधीच्या वर्षांत, धुळीच्या रस्त्यांवर, बैलगाडीच्या साटीवर कमावले गेले.

पार्कर आणि रानडे हे जवळजवळ समवयस्क. दोघेही कर्तव्यनिष्ठ, दोघेही अपार कष्ट करणारे, आणि दोघांनीही कायद्याला त्याच्या सीमेपर्यंत नेले. पार्कर यांच्यापुढचे गुन्हे रक्ताचे होते. त्यांची तुलना कर्जाच्या दाव्यांशी करून एकाला उणे लेखणे हा अन्याय होईल. परंतु दोघांच्या हकीकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. भीतीने कायदा पाळला जातो, पण लोक त्याला आपला म्हणत नाहीत. कायदा आपला वाटावयाचा तर न्यायाधीशाने एकदा तरी समोरच्या माणसाला विचारावे लागते: हे खत तू कधी लिहिलेस, आणि त्या वेळी तुझ्या हाती खरोखर किती रुपये पडले?

सुप्याच्या कुणब्यांनी खते जाळली, कारण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. दख्खनच्या त्या कायद्याची जागा पुढे मुंबई राज्यात १९३९ आणि १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी घेतली, आणि तेही आता इतिहासजमा झाले. अंगठ्याच्या जागी सही आली, सावकाराच्या वहीच्या जागी बँकेचे छापील फॉर्म आले. परंतु कमठाण्यासारख्या गावातला एखादा म्हातारा शेतकरी आजही छापील कागद हाती घेतो, उलटसुलट पाहतो, आणि शेजारच्या शिकलेल्या मुलाला हळूच विचारतो, “बाळ, यात काय लिहिलंय?” त्या प्रश्नाचे उत्तर सरळ, त्याच्या भाषेत आणि त्याच्या दारी मिळेल, तेव्हा रानड्यांची ती फिरती संपली असे आपण म्हणू.